भावकीचा समुद्र

पप्पांनी आजोबांना मारलं ते एका बीचसाठी. म्हणजे खरोखर नाही, आजोबा तेव्हा हैदराबादला, बरकतपुऱ्यात घरी मजेत होते, चहा पिऊन टीव्हीसमोर बसले असतील. पण पप्पांनी कोकणातल्या एका अनोळखी घराच्या अंगणात उभं राहून, हात जोडून, आवाज जड करून सांगितलं की आमचे वडील आता नाहीत. आणि मी बाजूला उभी होते. गळ्यात कलिंगडाच्या रंगाची फुगवलेली रिंग घालून.

मी सगळ्यांना सगळं सांगणारी मुलगी आहे. भाजीत केस निघाला तरी माझ्या मैत्रिणींना पाच मिनिटांत कळतं. पण हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, म्हणून आता एका दमात लिहून टाकते, थांबले तर पुसून टाकीन.

आधी पप्पा समजून घ्या. पप्पांचं आबिड्सच्या एका गल्लीत शाळेच्या युनिफॉर्मचं दुकान आहे, आजोबांनी सुरू केलेलं. तिथं येणाऱ्या प्रत्येक मराठी गिऱ्हाइकाशी पप्पा नातं काढतात. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. "कुठलं गाव म्हणे? उदगीरजवळ? अरे हौ, मग तुम्ही आमचे पाव्हणेच की! आमच्या चुलत आत्याची नणंद तिकडंच दिलेली." आता ती नणंद खरंच तिकडं दिलीय का, देव जाणे. गिऱ्हाईक खूश, पप्पा खूश, दोन शर्टांच्या जागी चार शर्ट जातात. त्यात पप्पांना खोटं वाटतच नाही काही. ते म्हणतात, हैदराबादेत आपण मराठी माणसं मूठभर, नातं निघत नसलं तर काढायचं, त्यात कुणाचं काय जातं.

आम्ही मूळचे बिदरकडचे. शेतकरी. आजोबा शिकायला हैदराबादला आले आणि इथलेच झाले. आमच्या सात पिढ्यांत कुणी समुद्राच्या जवळपास राहिलेलं नाही. आजोबांना तर समुद्र हा प्रकारच मंजूर नाही. "हुसेनसागर आहे ना घराजवळ, आणि किती पाणी पाहिजे तुम्हाला?" असं म्हणतात.

तर डिसेंबरात मला ऑफिसची सुट्टी मिळाली आणि आम्ही तिघं, पप्पा, मम्मी आणि मी, गाडी काढून सोलापूर, कोल्हापूर करत कोकणात गेलो. आजोबा म्हणाले मी घर सांभाळतो, तुम्ही जा. पहिल्यांदाच जात होतो कोकणात. मी महिनाभर आधीपासून नुसती नाचत होते. नकाशा फोनवर मोठा-मोठा करून एकेक इंच किनारा बघायचे. आणि त्यात मला ती जागा दिसली. दोन काळ्या खडकांच्या मधे अर्ध्या चंद्रासारखी वाळू. एवढीशी. वरून झाडांची हिरवी झालर. एकही माणूस नाही, एकही टपरी नाही. मी ओरडलेच. खाली कुणीतरी लिहिलं होतं, इथं सोडत नाहीत, जाऊ नका. ते वाचून तर मला तिथंच जायचं होतं. अशी आहे मी.

आम्ही उतरलो होतो खाडीच्या अलीकडच्या एका गावात. तिथल्या खोल्यांच्या मालकाला मी सामान उतरवायच्या आधी विचारलं. तो हसला. "सगळेच विचारतात. वाट एकच आहे, एका घराच्या खळ्यातून आणि मागच्या सुपारीच्या बागेतून. दोन्ही बाजूंना खडक, बोट लागत नाही. पूर्वी सोडायचे हो सगळ्यांना. मग पोरं येऊन बाटल्या फोडून गेली, त्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या पायात काच घुसली. तेव्हापासून फक्त भावकी."

"भावकी म्हणजे?" मी विचारलं. मला माहीत होतं तसं, पण नीट नाही.

"म्हणजे त्यांच्या आडनावाची, त्यांच्या कुळातली माणसं. त्यांचं सगळं बरं-वाईट तिथंच होतं ना. बाकी कुणाला नाही."

"आडनाव काय त्यांचं?" पप्पांनी विचारलं.

त्यानं सांगितलं. आमचंच आडनाव.

पप्पांच्या चेहऱ्यावर गिऱ्हाईक दारात दिसल्यावर येतो ना, तो उजेड आला. मम्मीनं लगेच ओळखलं. "काही नक्को," ती म्हणाली. "आपल्या आडनावाचे हैदराबादेतच इतके आहेत की कुरिअरवाला रोज चुकतो."

"मी फक्त बात करतो," पप्पा म्हणाले. "विचारायला काय जातंय?"

आणि मी काय केलं? मी टाळ्या वाजवल्या. "पप्पा प्लीज, पप्पा प्लीज, पप्पा प्लीज." रिंग मी खोलीवरच फुगवून घेतली, कारण तिथं गेल्यावर वेळ वाया जायला नको.

त्या घराला बांबूचं आडवं फाटक होतं. तिकडं त्याला बेडं म्हणतात. आत मोठं, सारवलेलं खळं, म्हणजे अंगण. पडवीत एक आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. एक चाळिशीचा माणूस खांद्यावर पंचा टाकून उभा होता, दाढी वाढलेली. दोन-तीन शेजारच्या बायका झाकलेली भांडी घेऊन मागच्या दारानं आत जात होत्या. मला वाटलं, वा, जेवणाची काय तयारी! मम्मीनं माझं कोपर दाबलं. मम्मीला तिथंच कळलं होतं. मला आणि पप्पांना नाही. आम्ही दोघं एकसारखे आहोत, आम्हाला जे पाहिजे ते आधी दिसतं.

"नमस्कार काकू," पप्पा म्हणाले. "आम्ही हैदराबादहून आलो. आडनाव आपलंच."

आजींनी मान वर केली. "हैद्राबादेसून?"

"हौ. म्हणजे हो. वडील आमचे नेहमी सांगायचे, आपलं मूळ कोकणातलं, समुद्राच्या काठचं. आपली भावकी आहे तिकडं. एकदा जाऊन या म्हणायचे." मग पप्पांनी हात जोडले. "आता ते नाहीत. म्हटलं त्यांची तेवढी इच्छा पुरी करावी."

मम्मीच्या तोंडून एक आवाज निघाला, खोकल्यासारखा. मी पप्पांकडं बघितलं. मला हसू येत होतं, खरं सांगते. मला वाटलं, कमाल आहे माणूस, काय टाकलंय, आता तर सोडणारच.

आजी उठल्या. भिंतीचा आधार घेत घेत उठल्या, खाली आल्या आणि त्यांनी पप्पांचे दोन्ही हात धरले. मला काहीच सुचेना, म्हणून मी वाकले पाया पडायला, रिंगसकट.

त्या पटकन मागं सरल्या. "सुतकात पायां पडूचा नाय गो."

सुतक. म्हणजे घरात कुणीतरी गेलंय.

"ह्यांका जावन आज नव दिस," आजी म्हणाल्या. हे म्हणजे त्यांचे मिस्टर. "उद्या दहावो. तुमका कोणी कळयल्यान?"

त्यांना वाटलं होतं की आम्ही बातमी ऐकून आलोय. हैदराबादहून. एवढ्या लांबून, रात्रंदिवस गाडी चालवत, माणूस गेला म्हणून. पप्पांनी तोंड उघडलं आणि मिटलं. हाच क्षण होता. इथं बोलायचं होतं. बघा, पप्पा आयुष्यभर बोलत आलेत, दुकानात, लग्नात, रेल्वेच्या रांगेत, आणि नेमकं इथं त्यांच्याकडं एक वाक्य नव्हतं.

"देवान धाडल्यान तुका," आजी म्हणाल्या. तुम्हीचं तू झालं तिथं. "बस रे बाबा. हात लागलो तर काय नाय. भावकेक सुतक एकच. तुमकाय धरूक होया आता."

आम्हाला पण सुतक. आम्ही पडवीत बसलो. बिनदुधाचा चहा आला. मी रिंग पाठीमागं लपवायला बघत होते, पण ती काय लपणार, ती दर वेळी कुईं करून वाजायची. आजींनी तिच्याकडं एकदा बघितलं आणि काहीच विचारलं नाही. तो दाढीवाला माणूस त्यांचा पुतण्या होता, मुंबईहून आलेला. आजींना स्वतःचं मूल नव्हतं. त्या शेजारच्या बाईला पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "हैद्राबादेसून भावकी इली गो." मग त्यांनी फोन मागवून त्यांच्या बहिणीला पण सांगितलं. पलीकडून काहीतरी विचारलं असणार, कारण आजी म्हणाल्या, "नाय, अगदी ह्यांच्यासारखोच दिसता. नाक बघ तेचा."

पप्पांचं नाक आजीकडून, म्हणजे माझ्या हैदराबादच्या वारलेल्या आजीकडून आलंय. हे सगळ्यांना माहीत आहे.

मग त्या पुतण्याला म्हणाल्या, "तेंका जागा दाखव जा. आपलीच आसा."

तर असा मला तो समुद्र मिळाला. मी मागितला होता ना.

सुपारीच्या बागेतून पायवाट उतरत जाते. पाटाचं पाणी, शेवाळलेले दगड, वर इतकी दाट झाडं की दुपार वाटतच नाही. आणि मग एकदम झाडं संपतात आणि ते सगळं समोर येतं. खोटं कशाला बोलू, मी आयुष्यात एवढं सुंदर काही बघितलेलं नाही. नकाशात दिसत होतं त्याच्या शंभर पट. पाणी खडकांच्या आत येऊन शांत होतं, हिरवं, तळ दिसेल असं. वाळूवर फक्त खेकड्यांच्या रेघा. लाट यायची, पसरायची, आणि परत जाताना इतका बारीक आवाज करायची, कुणी तांदूळ पाखडतंय तसा.

आणि मी काठावर उभी होते, अंगात पोहायचे कपडे, वरून कुर्ता, हातात ती रिंग, आणि पाय पुढं टाकता येत नव्हता. मम्मी झाडांच्या सावलीतून बाहेरच आली नाही. तिनं पायाचं बोट पण भिजवलं नाही.

"उद्या सकाळी इथंच," पुतण्या म्हणाला. तो मुंबईचा असल्यामुळं आपल्यासारखं बोलायचा. "आमच्या घरातल्या सगळ्यांना इथंच पाणी देतात. माझ्या आजोबांच्या वेळी काका सांगायचे, इथं उभं राहायला जागा नव्हती. भावकीतला एकेक पुरुष पुढं येऊन ओंजळ सोडायचा, दुपार झाली होती म्हणे." तो वाळूकडं बघत होता. "आता कोण आहे? काही मुंबईला, काही वारले, काहींशी जमिनीवरून बोलणं नाही. मी आणि एक म्हातारे चुलते. दोघंच. काकीनं त्याचाच धसका घेतला होता. रोज विचारायची, अजून कोण येणार का? आज तुम्ही आलात तेव्हा बघितलंत ना तिला?"

"हौ," पप्पा म्हणाले.

"न्हावी सातला येईल. एरवी वडील हयात असले तर मिशी काढत नाहीत आमच्यात, नुसतं पाणी देतात. पण तुमचे वडील गेलेत म्हणजे प्रश्नच नाही."

पप्पांचा हात आपोआप मिशीवर गेला. पप्पांची मिशी म्हणजे आबिड्सच्या त्या गल्लीची खूण आहे, लोक पत्ता सांगताना सांगतात. पण ते मिशीसाठी नव्हतं. आमच्यात पण तेच आहे ना! बाप जिवंत असताना मुलानं मिशी उतरवायची नाही. दहावीत असताना शाळेच्या नाटकात कुणीतरी पप्पांना नुकती फुटलेली मिशी काढ म्हणालं होतं तर आजोबा हेडमास्तरांशी भांडले होते. पप्पांनी वडिलांना मारलं नसतं तर नुसत्या ओंजळीवर सुटले असते. स्वतःच्या हातानं ते दार बंद केलं होतं त्यांनी.

आम्ही खोलीवर परत आलो. खोलीचं दार लावल्यावर मम्मीनं सुरुवात केली.

"काय बोलायलात तुम्ही काही भान आहे का? जिवंत माणूस घरी बसलाय!"

"अगं निघून गेलं तोंडातून."

"थुंकी आहे का ती, निघून जायला? आत्ता जा आणि सांगा."

"आत्ता कसं सांगू? ती बाई बघितलीस ना तू? तिनं सगळ्या गावाला सांगितलंय."

"मग काय, उद्या हजामत करून घेता? आणि घरी गेल्यावर मामंजींनी दार उघडल्यावर काय सांगता, तुमचंच सुतक होतं?"

मला माहीत आहे, इथं वाचणाऱ्याला हसू येईल. तेव्हा मला आलं नाही. पप्पा कॉटवर बसले होते आणि लहान दिसत होते. मग ते हळूच म्हणाले, "सकाळी लवकर निघून जाऊ. चुपचाप. त्यांना काय माहीत आपण कुठं उतरलो."

आणि मी म्हणाले, "हो, निघून जाऊ."

हे मी म्हणाले. मला तिथून पळायचं होतं, त्या रिंगपासून, त्या आजींपासून. मम्मीनं माझ्याकडं असं बघितलं की मी खाली बघितलं. ती एवढंच म्हणाली, "ती बाई सात वाजता बेड्याकडं बघत बसेल."

मग कुणी जेवलं नाही. आजोबांचा फोन आला, रोज संध्याकाळी येतो तसा. पप्पांनी स्क्रीनवर नाव बघितलं आणि फोन माझ्या हातात दिला. आजोबा म्हणाले, "काय बेटा, दिसला का समंदर?" मी म्हणाले, दिसला. "पप्पाला दे." मी म्हणाले, पप्पा बाथरूममध्ये आहेत. पप्पा समोर बसले होते. बघा, खोटं किती पटकन जमतं आमच्या घरात.

सकाळी पप्पा आमच्या आधी उठून तयार होते. बॅगा गाडीत ठेवलेल्या. मला वाटलं, निघालो हैदराबादला. पण फाट्यावर पप्पांनी गाडी उजवीकडं घातली, त्या गावाकडं. मम्मीनं कुंकू पुसून बारीक केलं.

खळ्यात कालच्यापेक्षा जास्त माणसं होती. बायका कडेला बसलेल्या. आम्ही आत आल्यावर त्यांच्यात कुजबूज झाली, आणि ती चांगली कुजबूज होती, तेच वाईट होतं. आली, आली. भटजी सामान मांडत होते. पुतण्याचं डोकं भादरून झालं होतं, ओलं, पांढुरकं. म्हातारे चुलते त्याच्या शेजारी. आजी पडवीत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, कसं सांगू, एक निवांतपणा होता. कालच्यापेक्षा बरं दिसत होतं त्यांना.

"ये बाबा," त्या म्हणाल्या. "बस तेच्या फुडे."

न्हाव्यासमोर पाट होता. पप्पा बसले. मला कळेना काय चाललंय, खरंच काढतात का हे? न्हाव्यानं पप्पांच्या ओठावर साबण लावला. वस्तरा उघडला. पप्पांनी त्याचं मनगट धरलं.

"थांबा," ते म्हणाले. "माझे वडील आहेत."

न्हाव्याला समजलं नाही. "काय?"

"जिवंत आहेत. घरी आहेत हैदराबादला. मी काल खोटं बोललो."

पप्पांना आता थांबता येत नव्हतं. "भावकी वगैरे काही माहीत नाही मला. आम्ही बिदरकडचे. आडनाव तेवढं खरं. बाकी सगळं खोटं. इथं कुणी गेलंय हे पण माहीत नव्हतं. समुद्र बघायला आलो होतो. पोरीला बघायचा होता."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, पप्पा हे का सांगितलंत? पण ते खरं होतं. मीच प्लीज प्लीज केलं होतं.

पुतण्या हसला. फार वाईट हसला. "काकी, ही माणसं बीच बघायला आली होती. पिकनिकला." मग पप्पांकडं वळला. "स्वतःच्या बापाला मारलंत, माझ्या काकाच्या दहाव्याला येऊन बसलात. अजून काय सेवा करू? गाडी आत लावता का? खुर्च्या टाकू का वाळूत?"

"चुकलं माझं," पप्पा म्हणाले.

"काल संध्याकाळी बाई जेवली हो. नऊ दिवसांनी पोटभर जेवली. तुमच्यामुळं."

साबण त्यांच्या मिशीवर तसाच होता. न्हावी वस्तरा घेऊन उभा, कुणी त्याला काही सांगेना, शेवटी त्यानंच आपल्या टॉवेलनं पप्पांचं तोंड पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं. आजी उठल्या आणि आत गेल्या.

आम्ही बेड्याच्या बाहेर आलो. गाडी दहा पावलांवर होती, पण तिघांपैकी कुणीच गाडीकडं गेलं नाही. आतून भटजींचा आवाज आला, मग पुतण्या आणि चुलते पितळी तांब्या घेऊन घराच्या मागं निघाले, सुपारीच्या बागेकडं. पाणी द्यायच्या वेळी बायका तिथं जात नाहीत. त्या सगळ्या खळ्यातच राहिल्या.

आजी बाहेर आल्या. पडवीच्या पायरीवर उभ्या राहून त्यांनी हात केला. पप्पांना नाही, मला.

"चेडवा, हय ये."

मी गेले. मला वाटलं आता मला बोलतील, आणि बोलावं असंच वाटत होतं.

"आडनाव तरी खरा?"

"हो आजी. शप्पथ."

त्यांनी बागेकडं बघितलं. "बापाशीक सांग, थय जावन उभे रवा. पाणी देव नकात. कशाक हात लाव नकात. लांब खडकाकडे उभे रवा नुसते."

रवा म्हणाल्या त्या. रव नाही. काल दिलेलं तू त्यांनी परत घेतलं होतं.

मला समजलं नाही, म्हणून मी तशीच उभी. तेव्हा त्या म्हणाल्या, "ह्यांच्या बापाशीच्या टायमाक थय पाय ठेवक जागा नाय होती. आज दोघेच गेलेत. ती रिकामी वाळू बघून ह्यांका काय वाटात?"

मी येऊन पप्पांना सांगितलं. जसंच्या तसं सांगता आलं नाही, मधेच रडू आलं, पण पप्पांना समजलं. त्यांनी चपला गाडीजवळ काढल्या. खळ्यातून जाताना कडेकडेनं गेले, बायकांनी पदर आवरून घेतले, आणि मग झाडांत दिसेनासे झाले.

खाली काय झालं ते मला माहीत नाही. पप्पांनी आजतागायत सांगितलेलं नाही, आणि पप्पा न सांगता राहिलेत अशी माझ्या माहितीतली ही एकच गोष्ट आहे. मी पायरीच्या खालच्या टोकाला बसले होते, आजी वरच्या. मम्मी बेड्याबाहेर उभी, ऊन तिच्या डोक्यावर आलं तरी हलली नाही. एका बाईनं मला पाणी आणून दिलं आणि भांडं परत घेताना माझ्या हाताला हात लागू दिला नाही. समुद्राचा आवाज घरापर्यंत येतो हे मला तेव्हा कळलं. आदल्या दिवशी आला असणारच. मी ऐकला नव्हता.

बऱ्याच वेळानं ते वर आले. आधी पुतण्या, मग चुलते त्याच्या खांद्याला धरून, आणि खूप मागं पप्पा. त्यांची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. म्हणजे लाट तिथपर्यंत आली होती आणि ते जागचे हलले नव्हते.

आजींनी पुतण्याला विचारलं, "कितके जाण होते?"

पुतण्यानं मागं वळून पप्पांकडं बघितलं. चांगलं बघितलं, वरपासून खालपर्यंत. त्याच्या मनातला राग गेला नव्हता, दिसत होता मला. मला वाटलं, आता बोलतो.

"तीन," तो म्हणाला.

"बरां," म्हणाल्या आजी आणि आत गेल्या. पुतण्या आम्हाला म्हणाला, "जावा आता."

तो दोन म्हणाला असता तर आम्ही सुटलो असतो. शिवी दिली असती तरी चाललं असतं, ती घेऊन गाडीत बसून एकमेकांवर ओरडत हैदराबादला आलो असतो. पप्पांनी बेडं ओलांडलं, मम्मीकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही. त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.